पंधरा दिवसांची जागा

राजारामपुरी, कोल्हापूर
५ जून १९७८

आक्का,

मायना लिहिण्यातच दोन कागद वाया गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू म्हणशील, आता कुठनं आठवलं हिला. दुसरं काही लिहिलं तर तूच हसशील. म्हणून नुसतं आक्का. अप्पांच्या दिवसांना तू आलीस, तेराव्याची पानं उठायच्या आत दाजींना घेऊन निघून गेलीस आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. पत्र मीच आधी लिहिते आहे, एवढं लक्षात असू दे.

मी बरी आहे. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या माडीवरच्या खोलीत राहते आणि विद्यापीठात संशोधन करते. विषय ऐकून तुला गंमत वाटेल. उसावरची काणी! आपल्या मळ्यात उसाच्या शेंड्याला काळा चाबूक यायचा आणि तू तो मोडून त्याची पूड माझ्या गालांना फासायचीस, तीच. त्या काळ्या पुडीवर मी आता एक निबंध लिहिला आहे आणि तो वाचून जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी आमच्या सरांना पत्र घातलं. त्यांचं विद्यापीठ आणि आमचं, दोघांनी वर्षभरासाठी एकेका विद्यार्थ्याची अदलाबदल करायचं ठरवलं आहे. तिकडचा एक मुलगा इथं येणार, इथून मी जाणार. ऑक्टोबरात.

तयारी म्हणशील तर डोक्यावरून पाणी चाललंय. रोज सकाळी दत्तोपंत म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या व्हरांड्यात बसून जर्मन शिकते. त्यांनी लढाईच्या आधी कुठं तरी ही भाषा शिकून ठेवली, आणि आजवर ती घ्यायला कोल्हापुरात कुणी भेटलं नव्हतं. आता मी सापडले आहे. एक शब्द चुकला की म्हातारा चष्मा काढून पुसत बसतो. दात तपासून झाले, छातीचा फोटो झाला, देवीची लस झाली. लोकरीचा कोट सरांच्या बहिणीनं दिला आहे, तो माझ्या टाचांपर्यंत येतो.

राहिला पासपोर्ट. त्याचा अर्ज केला आहे. अर्जात कायमचा पत्ता कोडोलीचाच द्यावा लागला आणि त्या पत्त्यावर पोलीस येऊन चौकशी करतात.

आता मुद्द्याचं. माझ्या पाचवीपासूनच्या सगळ्या दाखल्यांवर नाव आहे, इंदुमती गणपतराव चौगले. हे नाव कुणाचं, ते तुला सांगायला नको. तुझ्या पाळण्यात ठेवलेलं, तुझ्या शाळेतलं. लग्नात तुझ्या सासरच्यांनी ते बदलून कौसल्या ठेवलं, कारण त्या घरात थोरली जाऊ इंदुमतीच होती. आणि मी बोर्डिंगात गेले त्या दिवसापासून, पंधरा वर्षं, ते मीच वापरते आहे. मला बायना म्हणणारं घरात आता आईशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझ्यापर्यंत चौकशीला कुणी येईल असं वाटत नाही. आलंच तर तू कौसल्या, एवढंच सांग. त्यात खोटं तरी काय आहे?

अप्पांनी जे केलं ते अप्पांनी केलं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण विचारतं, आक्का?

दाजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी


राजारामपुरी, कोल्हापूर
२८ जून १९७८

आक्का,

तुझं उत्तर आलं नाही. ते येईल अशी मला आशा होती असंही नाही, पण रोज दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारत होते हे खरं.

घोटाळा झाला आहे. गेल्या आठवड्यात कोडोलीत हवालदार आला. आई वैरणीला रानात गेली होती. शेजारच्या चिमणाबाईनं त्याला आपल्या सोप्यात बसवलं, चहा केला. पुढचं मी घरी गेले तेव्हा मला आईनं सांगितलं आणि तिला चिमणाबाईनंच हौसेनं सांगितलं होतं.

"पावणं, कुणाची चौकशी म्हणायची?"

"इंदुमती गणपतराव चौगले."

"इंदी व्हय? ती दिलीया की निपाणीकडं! तीन पोरं हाईत तिला. तंबाखू हाय, बरं चाललंय."

"मग परदेशाला कोण चाललंय?"

"ती बायना. धाकली. ती शिकाय कोल्हापुरात हाय न्हवं!"

हवालदारानं चहा संपवला, सगळं लिहून घेतलं आणि चिमणाबाईला नमस्कार करून गेला. बाई बिचारी खूश आहे, आपल्या आळीतली पोरगी विमानात बसणार म्हणून. तिनं खरं तेच सांगितलं. खरं सांगितल्याबद्दल तिच्यावर कसं चिडायचं ते मला कळेना, म्हणून मी आईवर चिडले. आई म्हणाली, "मी काय करू गं? तिला गप ऱ्हा म्हणून सांगितलं आसतं तर तिनं गावभर दवंडी दिली आसती की." तेही खरंच.

काल मला पोलीस कचेरीत बोलावलं. साहेब वयस्कर आहेत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. म्हणाले, "इंदुमती लग्न होऊन गेली असं गावात सांगतात. मग बाई, तुम्ही कोण?" मी म्हटलं, चिमणाबाई म्हातारी आहे, ती नावात घोळ घालते. साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "११ ऑगस्टपर्यंत फाइल ठेवतो. तोवर पुरावा आणा. नाही आणला तर आहे तसं वर पाठवीन. मग मुंबईचे लोक आणि तुम्ही."

आईचं सांगणं चालत नाही. मुलीसाठी आई काहीही सांगेल, म्हणतात. अप्पा नाहीत. चिमणाबाई जिला इंदुमती म्हणते, तिचंच प्रतिज्ञापत्र हवं. म्हणजे तुझं.

सयाजीराव वकिलांकडून मजकूर करून घेतला आहे, सोबत जोडते. चारच वाक्यं आहेत. माझं नाव माहेरीही कौसल्याच होतं. इंदुमती ही माझी धाकटी बहीण. शेजारचे लोक आमच्या नावांत गल्लत करतात. आणि मी कधीही कोणत्याही शाळेत गेलेली नाही.

ते शेवटचं वाक्य वाचून चिडू नकोस. ते काढता येतं का, हे मी दोनदा विचारलं. वकील म्हणाले, ते नसेल तर बाकीच्याचा उपयोग नाही. गावच्या शाळेच्या रजिस्टरात आपल्या घरची एकच मुलगी आहे. मी तुझ्यासोबत यायचे, तुझ्या शेजारी बसून तुझ्याच पाटीच्या पाठीमागं लिहायचे, पण माझं नाव घालायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. गुरुजीही म्हणायचे, बसू दे थोरलीपाशी. तेव्हा ती रजिस्टरातली इंदुमती मी असेन, तर तू शाळेत नव्हतीस. आणि तू असशील, तर मी कुणीच नाही. दोघींना त्यात जागा नाही, आक्का.

दाजींना घेऊन चिकोडीच्या कचेरीत जा. एका दिवसाचं काम आहे. सहीची जागा मोकळी सोडली आहे.

तुझी धाकटी

ता. क. : आईचा गुडघा पुन्हा धरला आहे. तुझी आठवण काढते.


राजारामपुरी, कोल्हापूर
१४ जुलै १९७८

आक्का,

कृष्णात काल येऊन गेला. मामांचा कृष्णात. तंबाखूच्या कामाला निपाणीला गेला होता तेव्हा तुझ्याकडे जेवला म्हणे. त्याला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "पत्र वाचलं की आक्कानं. दोनदा वाचलं. मग घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठिवलं." मी विचारलं, मग म्हणाली काय? "बघू म्हणाली. आनि मला आनि एक भाकरी वाढली."

बघू!

काय बघायचं आहे? माझे दिवस मोजून चाललेत. जर्मनीहून दर आठवड्याला पत्र येतं. त्या प्राध्यापकांनी माझ्यासाठी वसतिगृहात खोली धरली आहे, पासपोर्टचा नंबर कळवा म्हणून तीनदा लिहिलं. सर रोज विचारतात, मी रोज म्हणते, आज-उद्या येईल. वकिलांनी तर मला स्पष्टच सांगितलं, हे प्रकरण उघडं पडलं तर नुसती जर्मनीच हातची जाईल असं नाही. पाचवीपासूनची एकेक परीक्षा, मॅट्रिक, बी.एस्सी., एम.एस्सी., सगळी दुसऱ्याच्या नावावर दिलेली ठरेल. हातात काय उरेल माझ्या? काणी कशी ओळखायची, एवढं उरेल. ते तर तुझ्यामुळं आधीच येत होतं.

तू सूड उगवते आहेस. उगव. तुझी जागा मी घेतली, हेच ना? मी मागितली होती? त्या जूनमध्ये आईला विषमज्वर झाला. तू चौथीच्या स्कॉलरशिपला केंद्रात पहिली आलेली, बोर्डिंगात तुझी जागा मंजूर झालेली, आणि घरात दोन म्हशी, आजारी बाई आणि चूल. मला तर चुलीपुढं बसून भाकरी थापता येत नव्हती. अप्पा म्हणाले, थोरली घरात पाहिजे, आणि वेळेत कुणी गेलं नाही तर जागा जाईल. मग मला घातलं पाठवून. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं मला टाकलं. "पंध्रा दिस इंदुमती म्हन आनि बस गप. आईला बरं वाटलं की आक्का येती, मग तू घरला ये." हे अप्पांचे शब्द आहेत. माझे नाहीत. नाव धरायचं, जागा धरायची, पंधरा दिवसांनी उठायचं. कुठल्या शहाण्या माणसाला असलं सुचेल? पण त्यांना वाटलं, शाळेला काय, चौगल्यांची एक पोरगी मोजून मिळाली म्हणजे झालं.

पुढं ते तसंच राहिलं, त्याला मी काय करू?

आज दत्तोपंतांनी तोंडी परीक्षा घेतली. पहिला प्रश्न कुणालाही येईल असा. तुमचं नाव काय? मला उत्तर पाठ आहे, महिन्याभरापूर्वीच पाठ केलंय, आणि मी अडकले. म्हातारा चष्मा पुसायला लागला. मग म्हणाला, "अहो, निदान स्वतःचं नाव सांगताना तरी माणूस अडखळत नाही." मी वही उचलली आणि घरी आले. रडले नाही. तुला असं वाटायला नको.

प्रतिज्ञापत्र पाठव. नाहीतर पाठवणार नाही असं तरी लिही. कार्ड टाक. तुला लिहिता येतं.

बायना


राजारामपुरी, कोल्हापूर
२४ जुलै १९७८

आक्का,

माझं मागचं पत्र फाडून टाक. चुलीत घाल. मी ते पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी पोस्टमनची वाट बघत तिथंच उभं राहावं आणि परत मागून घ्यावं असं वाटलं. उभी राहिलेही थोडा वेळ. मग लाज वाटली आणि आले.

मी लिहिलं की पुढं ते तसंच राहिलं. तसंच राहिलं नव्हतं. ते तुलाही माहीत आहे, मलाही. अप्पांना माहीत होतं, ते गेले. आपण दोघी एवढ्या वर्षांत त्यावर एक अक्षर बोललो नाही. आज लिहिते.

अप्पा पंधरा दिवसांनी आले होते. बरोबर पंधरा दिवसांनी, बोलल्याप्रमाणे. तुला घेऊन आले होते. तुझ्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती, वेण्यांना लाल रिबिनी होत्या. सगळं ठरलं होतं. मला फाटकाशी बोलवायचं, मी बाहेर यायचं, तू आत जायचं. दोघी बहिणी तोंडावळ्यानं सारख्या, एवढ्या मुलींत कोण ओळखतंय. अप्पांचा हिशेब असा साधा होता.

पण फाटकाशी माई आल्या, बोर्डिंगच्या बाई. हातात हजेरीचं पुस्तक. त्या माझ्यामागोमागच आल्या होत्या. त्यांनी आपल्या दोघींकडे पाहिलं. त्यांना संशय आला असावा किंवा नसावा, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "इंदुमती चौगले कोण?"

तू एक पाऊल पुढं टाकलंस. मी पाहिलं. तू तोंड उघडलंस, आणि त्याच्या आधी मी म्हणाले, "हजर."

अप्पांनी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते म्हणून मला कळत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. मला सगळं कळत होतं. मला तिथं गादीवर एकटीला झोपायला मिळत होतं. हाताला शेणाचा वास येत नव्हता. पण खरं सांगू? ते काहीच नव्हतं. रोज सकाळी एक बाई पुस्तक उघडून एक नाव घ्यायची आणि मी 'हजर' म्हणायचे, आणि ती माझ्यापुढं खूण करायची. तोवर मी कुठल्याच पुस्तकात नव्हते, आक्का. पंधरा सकाळी मी कुणीतरी होते. ते मला सोडवेना.

माईंनी तुझ्याकडे बोट करून अप्पांना विचारलं, "मग ही कोण?"

अप्पांचा पटका हातात होता. खरं सांगावं तर लबाडी उघडी पडते, दोघींची जागा जाते. ते म्हणाले, "ही थोरली. हिला शाळा न्हाय. घरातलं करती."

तू रडली नाहीस. ट्रंक खाली ठेवलीस, उघडलीस, स्कॉलरशिपच्या बक्षिसाची कंपासपेटी काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतलीस आणि अप्पांच्या पुढं चालायला लागलीस. मागं वळून पाहिलं नाहीस. अप्पांच्या दिवसांना तू पाहिलं नाहीस असं मी तक्रारीनं लिहिलं होतं. कुठल्या तोंडानं लिहिलं कोण जाणे.

तीन वर्षांनी तुझं लग्न झालं. मला सहामाही परीक्षा होती म्हणून मी आले नाही. परीक्षा नव्हती.

आणि आता पंधरा वर्षांनी मी तुला लिहिलं की, मी शाळेत गेलेली नाही असं तूच सही करून दे. माझ्या लक्षातच आलं नाही मी काय मागते आहे. नाही, हेही खरं नाही. वकिलांनी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तरी मी ते पाकिटात घातलं.

सातचा पाढा तू मला म्हशीच्या पाठीवर बोटानं लिहून शिकवलास. वाचायलाही तूच शिकवलंस. बोर्डिंगात पाचवीत मी टिकले ती त्यावर. त्या रजिस्टरात तुझं नाव आहे आणि चौथीपुढं 'पास' लिहिलेलं आहे, ते तुझं आहे. तुझं तेवढंच राहिलंय, ते मी घेणार नाही.

मसुदा फाडून टाक. मी कचेरीत जाऊन साहेबांना सांगेन की चिमणाबाईचं बरोबर आहे. मग जे व्हायचं ते होईल. सर काय म्हणतील, डिग्री काढून घेतात की काय करतात, मला माहीत नाही. भीती वाटते. पण मी सांगेन.

फाइल ११ ऑगस्टपर्यंत ठेवणार आहेत. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

बायना


राजारामपुरी, कोल्हापूर
११ ऑगस्ट १९७८

आक्का,

काल दुपारी कंपाउंडरनं हाक मारली. रजिस्टर पाकीट होतं. पत्ता पाहिला आणि जिन्यातच बसले.

अक्षर तुझं. 'ण'ची तीच लांब शेपटी, गुरुजी ज्यासाठी तुझे कान धरायचे. शाईच्या पेनानं, एकही खाडाखोड नाही. 'कु. इंदुमती गणपतराव चौगले.' तू तुझंच नाव लिहिलंस आणि माझ्याकडे पाठवलंस. किती वर्षांनी लिहिलंस ते? लिहिताना हात थांबला का, हे बघायला मी पाकीट उजेडात धरलं. कुठं थांबलेला दिसत नाही.

आत चिठ्ठी नव्हती. पाकीट फाडून आतून बाहेरून पाहिलं. नुसता स्टॅंपपेपर. वर कानडी छाप, खाली वकिलांचा मराठी मजकूर, चारही वाक्यं जशीच्या तशी. चिकोडीच्या कचेरीचा शिक्का, दाजींची साक्षीदार म्हणून सही, तारीख ३ ऑगस्ट. म्हणजे माझं शेवटचं पत्र वाचून, मग तू गेलीस. फाडून टाक असं लिहिलं होतं ते वाचून. आणि खाली अकरा तारीख लिहिली होती, तीही वाचून. ती मी का लिहिली हे तुला कळलं. तुला नाही कळणार तर कुणाला?

सर्वांत खाली सहीच्या जागी अंगठा आहे.

मी सही मागितली होती. वकिलांनी सहीचीच जागा सोडली होती. अंगठ्याचं कुणी सुचवलं नव्हतं, ना वकिलांनी, ना मी. आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं. शाळेत न गेलेली बाई सही कशी करील? साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता आणि सगळं जागच्या जागी कोसळलं असतं. केंद्रात पहिली आलेल्या मुलीला ते दिसलं, एम.एस्सी. झालेलीला दिसलं नाही.

अंगठा नीट उमटला आहे. एकेक रेघ मोजता येते. शेजारी कारकुनानं लिहिलंय, 'कौसल्या हिची निशाणी अंगठा. मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल.'

तुला वाचून दाखवला, आक्का. तू गप उभी राहून ऐकलंस.

मी ठरवलं होतं, कागद आला तरी देणार नाही. आज सकाळी अंघोळ करून निघाले तेव्हाही तेच ठरलेलं होतं. दत्तोपंतांकडे गेले नाही. कचेरीत बाकावर तासभर बसले. कागद मांडीवर होता. मी तो दिला नाही तर तू लावलेला अंगठा फुकट जाणार होता, आणि दिला तर जाणार होतं ते रजिस्टरातलं तुझं नाव. दोन्ही बाजूंनी तूच जात होतीस. हाक आली तेव्हा मी उठले आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. असं लिहिता येईल की तुझ्यासाठी ठेवला. तसं लिहिणार नाही. मला जायचं होतं.

साहेबांनी कागद सावकाश वाचला. अंगठ्यापाशी थांबले. चष्मा वर केला.

"ह्या तुमच्या थोरल्या भगिनी?"

"हो."

"अजिबात शिकलेल्या नाहीत?"

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. बाहेर काढून त्यांच्यापुढं ठेवलं असतं, की बघा साहेब अक्षर, तर तिथंच सगळं मिटलं असतं. माझा हात पर्सवर होता. मला त्या फाटकापाशी ट्रंक घेऊन उभी असलेली तू दिसलीस.

"नाही," मी म्हणाले. "तिला शाळा नाही. घरातलं करते."

अप्पांचेच शब्द आले तोंडात. दुसरे आलेच नाहीत.

"बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. "जाऊन या बाई. जिल्ह्याचं नाव काढा."

बाहेर आले, पायरीवर बसले आणि मग रडले. या वेळी तुला असं वाटायला हरकत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी निघेन. एस.टी.नं मुंबई, तिथून विमान. निरोप द्यायला ये असं मी म्हणणार नाही. कोडोलीला आईकडे पाच दिवस असेन, तिथं मात्र आलीस तर बरं वाटेल. कंपासपेटी आईजवळ ठेवून जाते. तिच्यातला कर्कटक मी दहावीत मोडला, बाकी सगळं जसंच्या तसं आहे. तुझ्या पोरी शाळेत असतील. तिघींचीही नावं नीट घातली आहेस ना? आपापली?

तिकडे गेल्यावर रोज सकाळी ते इंदुमती म्हणून हाक मारतील आणि मी हजर म्हणेन. दर वेळी मला कळेल मी कुणाच्या जागेवर बसले आहे.

आणि उत्तर लिही. एक ओळ लिही, शिवी लिही, काहीही लिही. माझ्या बहिणीला लिहिता येत नाही असं मी आज सरकारला सांगून आले आहे. तुझं पत्र कुणाला दाखवणार नाही.

तुझी
बायना